पहारेकरी आणि चव: लागर बिअरमधल्या कडूपणाची गोष्ट

१/
१८३८ साली बोहेमियातील प्लझेन या शहरात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, नगरभवनासमोर बिअरची ३६ पिंपे आणली गेली आणि सर्वांदेखत रस्त्यावर ओतून देण्यात आली. बिअर नासली होती. ज्यांनी ती केली होती त्याच नगरवासीयांच्या शहराने ती ओतली. या ओतलेल्या बिअरमधून पुढे चारच वर्षांत जगातील बहुसंख्य बिअरचा चेहरामोहरा बदलणारा एक प्रकार जन्माला आला. आज स्वतःच्या स्वयंपाकघरात लागर करणारा हौशी माणूस ज्या प्रश्नाशी झगडतो, त्याचे मूळही तिथपर्यंत जाते. तो प्रश्न असा: कडूपणा आवरायचा कसा?

२/
प्लझेन शहर १२९५ मध्ये राजा वेन्सेस्लास दुसरा याने वसवले. शहराबरोबरच तेथील २६० घरांना बिअर करण्याचा हक्क मिळाला. हा हक्क माणसाला नव्हता, घराला होता. घर विकले की हक्कही त्याच्याबरोबर जाई. आरंभी घरोघरी आणि पुढे सामायिक भट्ट्यांवर पाळीपाळीने बिअर शिजू लागली. म्हणजे घरची बिअर ही आजची हौस नव्हे. मध्य युरोपातील अनेक शहरांत ती वारसाहक्काने चालत आलेली मालमत्ता होती. मात्र हक्क वारशाने मिळाला तरी हात वारशाने मिळत नाही. कुणाची बिअर उत्तम निघे, कुणाची आंबट.

३/
बिअरचा पाया साधा आहे. मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवले की त्यातील पिष्टाची साखर होते आणि एक गोड अर्क मिळतो. हा अर्क उकळून, थंड करून त्यात यीस्ट घातले की साखरेची दारू होते. पण नुसता गोड अर्क आंबवला तर मिळणारे पेय मिळमिळीत लागते आणि लवकर नासते. त्याला तोल देणारी आणि टिकवणारी वस्तू म्हणजे हॉप्स. भांगेच्या कुळातील या वेलीच्या मादी फुलांचे हे हिरवे, पाकळ्यापाकळ्यांचे शंकू असतात. शंकू उकलला की आत पिवळी, चिकट पूड दिसते. कडूपणा आणि सुगंध दोन्ही तिथे असतात.

४/
बाराव्या शतकात जर्मनीतील मठाध्यक्षा हिल्डेगार्ड फॉन बिंगेन यांनी हॉप्सविषयी नोंद करताना त्याच्या कडवटपणामुळे पेये टिकतात असे सांगितले होते. त्याआधी युरोपात बिअरमध्ये निरनिराळ्या रानवनस्पतींचे मिश्रण घालत. त्या वनस्पती चव देत, पण राखण फारशी करीत नसत. पुढच्या तीन-चार शतकांत हॉप्सने त्यांना मागे सारले. १५१६ च्या बव्हेरियाच्या प्रसिद्ध फर्मानात बिअरसाठी सातू, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक मान्य केले गेले. कडूपणाला राजमान्यता मिळाली ती मुख्यतः तो पहारेकरी होता म्हणून.

५/
हा पहारेकरी काय करतो, हे आज ठाऊक आहे. हॉप्समधील कडू राळ आंबटपणा आणणाऱ्या लॅक्टोबॅसिलससारख्या जीवाणूंच्या पेशीपटलावर आघात करते आणि त्यांची वाढ रोखते. यीस्टला मात्र तिचा विशेष उपद्रव होत नाही. दारू तयार करणाऱ्याला मोकळीक आणि ती नासवणाऱ्याला अटकाव, असा हा दुहेरी न्याय आहे. म्हणूनच बिअर जितकी दूर पाठवायची आणि जितकी जास्त दिवस ठेवायची, तितके हॉप्स अधिक, हा शतकानुशतके पाळला गेलेला नियम होता.

६/
या नियमाचे एक ठळक उदाहरण हिंदुस्थानाशी जोडलेले आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लंडनच्या हॉजसन यांच्यासारखे उत्पादक मुंबई, मद्रास आणि कलकत्त्यातील इंग्रजांसाठी बिअर पाठवत. आफ्रिकेला वळसा घालून येणारी जहाजे वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडत आणि प्रवासाला महिनोन् महिने लागत. उष्णतेत आणि हेलकाव्यांत पिंपे टिकावीत म्हणून त्यांत हॉप्सचा हात सढळ ठेवला जाई. मुंबई बंदरात उतरणाऱ्या त्या बिअरचा कडूपणा ही आधी गरज होती. तिची आवड नंतर जडली.

७/
पण पहारेकऱ्यालाही मर्यादा असतात. व्हिनेगरसारखा आंबटपणा आणणाऱ्या जीवाणूंवर हॉप्सचा प्रभाव पडत नाही, आणि लॅक्टोबॅसिलसच्याही काही जाती त्याला दाद देत नाहीत. भांडी अस्वच्छ, तळघर उबदार, यीस्ट मिश्र. अशा स्थितीत हॉप्सचे पोते रिकामे केले तरी बिअर वाचत नाही. उलट ती आंबट होते आणि कडूही होते. आंबट आणि कडू यांचा असा संयोग जिभेला फार दुखावतो. १८३८ मध्ये प्लझेनवासीयांनी जी ३६ पिंपे ओतली, त्यांतून एक निष्कर्ष निघतो: केवळ कडूपणाच्या भरवशावर बिअर राखता येत नाही.

८/
दुसरा रक्षक शेजारच्या बव्हेरियात तयार होत होता. तो होता थंडी. उन्हाळ्यात केलेली बिअर नासते हे पाहून तेथे १५५३ मध्ये नियम झाला की बिअर केवळ २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच करावी. हिवाळ्यात केलेली बिअर उन्हाळाभर पुरवायची म्हणून ती थंड तळघरांत, बर्फाच्या संगतीत साठवू लागले. जर्मन भाषेत साठवण्याला ‘लागर्न’ म्हणतात. ‘लागर’ हे नाव त्यातूनच आले. आधी तो साठवणुकीचा शब्द होता, नंतर चवीचा झाला.

९/
या थंडीत एक वेगळेच यीस्ट तगले. ते सावकाश काम करते, ८ ते १२ अंश सेल्सिअसला रमते आणि काम संपले की तळाशी बसते. हे यीस्ट संकरित आहे. त्याचा एक पालक नेहमीच्या बिअरचे आणि पावाचे यीस्ट, तर दुसरा थंडी सोसणारी एक रानटी जात. ती रानटी जात २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या जंगलात ओळखली गेली आणि पुढे इतरत्रही सापडली. उबदार जागी काम करणारे यीस्ट फळांसारखे गंध निर्माण करते, हे लागर यीस्ट तसे फारसे करीत नाही. ते मागे उरते ते स्वच्छ, जवळजवळ रिकामे असे पार्श्वपट. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

१०/
प्लझेनच्या हक्कदार नगरवासीयांनी १८३९ मध्ये ठरवले की आता प्रत्येकाने आपापली बिअर करत बसण्यापेक्षा सर्वांनी मिळून बव्हेरियन पद्धतीची एक आधुनिक ब्रुअरी उभारावी. हा निर्णय वाटतो तितका सोपा नव्हता. साडेपाचशे वर्षे जो मान घराघराचा होता, तो एका सामायिक इमारतीच्या हवाली करायचा होता. स्थापत्याचे काम मार्टिन श्टेल्त्सर यांच्याकडे गेले, आणि बिअर करण्यासाठी बव्हेरियातील फिल्सहोफेन गावचा योझेफ ग्रॉल हा तरुण बोलावण्यात आला. त्याचे वय तेव्हा २९ होते.

११/
५ ऑक्टोबर १८४२ रोजी ग्रॉलने पहिला घाणा शिजवला. ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या सणाला, ती बिअर लोकांपुढे आली. बव्हेरियात लागर म्हणजे गडद तपकिरी पेय होते. ही मात्र सोनेरी होती. कारण येथे माल्ट धुरावर न भाजता, इंग्लंडमध्ये रुळलेल्या पद्धतीने, अप्रत्यक्ष उष्णतेने हलकेच वाळवले होते. फिकट माल्ट, बव्हेरियन यीस्ट, प्लझेनचे पाणी आणि जवळच्या झातेत्स भागातील हॉप्स, अशा चार गोष्टी एका भांड्यात आल्या. यांपैकी एकही ग्रॉलने शोधलेली नव्हती. त्यांचा मेळ मात्र नवा होता.

१२/
झातेत्स या गावाला जर्मन भाषेत ‘झात्स’ म्हणतात आणि तेथील हॉप्स त्याच नावाने जगभर ओळखले जातात. या परिसरात हॉप्सची शेती मध्ययुगापासून आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत घेतला. या हॉप्सचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांचा संयम. कडूपणाचे मूळ असलेली अल्फा आम्ले त्यांत साधारण ३ ते ४ टक्केच असतात, तर आजच्या काही जोरकस जातींत हे प्रमाण १२ टक्क्यांच्या पुढे जाते. कडूपणा कमी आणि गंध नाजूक, मसालेदार, रानगवतासारखा असल्यामुळे हे हॉप्स भरपूर घालता येतात आणि तरीही ते अंगावर येत नाहीत.

१३/
पाण्याचा वाटा तितकाच मोठा. प्लझेनचे पाणी अतिशय मृदू आहे. त्यात क्षार नगण्यच. इंग्लंडमधील बर्टनच्या पाण्यात सल्फेट विपुल असल्याने तेथील बिअरमध्ये कडूपणा कोरडा आणि टोकदार लागतो. म्युनिकच्या पाण्यात कार्बोनेट जास्त, आणि अशा पाण्यात फिकट माल्ट व भरपूर हॉप्स एकत्र आले की कडूपणा खरखरीत, घशात रेंगाळणारा होतो. त्या पाण्याला गडद माल्टची आम्लताच मानवते. म्हणून म्युनिकची बिअर गडद आणि कमी कडू राहिली. प्लझेनच्या मृदू पाण्यात हॉप्स मोकळेपणाने घालता आले. कडूपणा गोल राहिला, त्याला कोपरे आले नाहीत.

१४/
येथे इतिहासातील एक शांत वळण आहे. थंडी, स्वच्छता आणि निवडक यीस्ट यांनी राखणीचे काम हाती घेतले, तेव्हा कडूपणावरचा पहाऱ्याचा भार हलका झाला. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंड यांची शीतयंत्रे आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी साधलेली शुद्ध यीस्टची पैदास, यांनी ते काम पूर्णत्वास नेले. बिअर टिकावी म्हणून ती कडू करावी ही सक्ती बरीचशी उरली नाही. यापुढे बिअर किती कडू असावी हा रुचीचा प्रश्न झाला. पहारेकरी आता मैफलीत बसला, आणि मैफलीत बेसूर लगेच ऐकू येतो.

१५/
लागरमध्ये तर तो अधिकच ऐकू येतो. गडद बिअरमध्ये भाजलेल्या माल्टचा, कॉफीसारखा रस असतो. उबदार आंबवणीच्या बिअरमध्ये फळांचे गंध असतात. कडूपणा चार मात्रांनी चुकला तरी तो त्या गर्दीत लपतो. फिकट लागरमध्ये लपायला जागा नाही. यीस्टने पार्श्वपट रिकामे ठेवलेले आणि माल्ट हलके, त्यामुळे जे आहे ते उघडे. आमटीत मीठ थोडे जास्त झाले तर खपते, साध्या वरणात खपत नाही. लागर हे बिअरमधले साधे वरण आहे.

१६/
घरी लागर करणाऱ्यापुढे आज हाच उघडेपणा उभा राहतो. त्याचा पहिला गैरसमज असा असतो की कडूपणा हॉप्सच्या वजनावर ठरतो. प्रत्यक्षात तो वजनाइतकाच वेळेवर ठरतो. हॉप्समधील अल्फा आम्ले पाण्यात नीट विरघळत नाहीत. उकळत्या अर्कात त्यांची रेणुरचना बदलते, त्यांची आयसो-अल्फा आम्ले होतात आणि ती विरघळतात. जिभेला लागणारा कडूपणा मुख्यतः या बदललेल्या रूपाचा. बदलाला उष्णता लागते आणि वेळ लागतो. म्हणून तीच मूठभर हॉप्स आरंभी टाकली तर कडूपणा देतात, अखेरीस टाकली तर सुगंध.

१७/
मराठी स्वयंपाकघराला हे गणित नवे नाही. खडा मसाला आरंभी तेलात पडतो आणि पदार्थात मुरतो. कोथिंबीर अखेरीस, गॅस बंद करताना पडते. कोथिंबीर अर्धा तास शिजवली तर तिचा वास उरत नाही. हॉप्समध्ये मसाला आणि कोथिंबीर दोन्ही एकाच शंकूत आहेत. कडू राळेला दीर्घ उकळी हवी. सुगंधी तेले मात्र त्याच उकळीच्या वाफेबरोबर उडून जातात. म्हणून ब्रुअर एकच वस्तू दोन-तीन हप्त्यांत घालतो आणि प्रत्येक हप्त्याकडून वेगळे काम करून घेतो.

१८/
हे किती प्रमाणात घडते याचे ठोकताळे आता उपलब्ध आहेत. घरगुती ब्रुअर मंडळींमध्ये ग्लेन टिन्सेथ यांचे सूत्र रूढ आहे. साध्या लागरच्या दाटीच्या, म्हणजे १.०४८ विशिष्ट गुरुत्वाच्या अर्कासाठी ते असे सांगते: १० मिनिटांच्या उकळीत सुमारे ८.५ टक्के अल्फा आम्ले कडूपणाच्या रूपात हाती लागतात, ३० मिनिटांत १८ टक्के, ६० मिनिटांत २३.५ टक्के आणि ९० मिनिटांत २५ टक्के. म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात बहुतेक काम उरकते आणि तासाभरानंतर उकळत राहून कडूपणात फारशी भर पडत नाही.

१९/
कडूपणा मोजण्याचे एकक आहे आयबीयू. एक लिटर बिअरमध्ये आयसो-अल्फा आम्लांचे एक मिलिग्रॅम, हा त्याचा ढोबळ अर्थ. बोहेमियन धाटणीची लागर साधारण ३५ ते ४० च्या आसपास असते. समजा, २० लिटर बिअर करायची आहे आणि हाती ३.५ टक्क्यांचे झात्स हॉप्स आहेत. ६० ग्रॅम तासभर उकळले तर सुमारे २५ मिळतात, ३० ग्रॅम शेवटच्या अर्ध्या तासाला साडेनऊ देतात आणि २० ग्रॅम शेवटच्या १० मिनिटांना जेमतेम ३. बेरीज ३७ च्या जवळपास. शेवटचे २० ग्रॅम कडूपणासाठी नाहीत, गंधासाठी आहेत. ते वाचवले तर आकडा फारसा हलणार नाही, बिअर मात्र मुकी होईल.

२०/
येथेच हौशी हाताची मोठी चूक होते. पुस्तकात ‘६० ग्रॅम’ वाचून कुणी झात्सऐवजी १२ टक्क्यांचे हॉप्स ६० ग्रॅम घालतो, आणि कडूपणा साडेतीनपट होतो. त्या जोरकस हॉप्सचे १७-१८ ग्रॅमच पुरे असतात. म्हणून पाकिटावरील अल्फाचा आकडा वजनाआधी वाचावा. त्यातही दरवर्षीचे पीक वेगळे असते. एकाच शेतातील एकाच जातीचा आकडा पावसापाण्यानुसार बदलतो. उघडे पाकीट उबेत राहिले तर अल्फा आम्ले झिजतात आणि हॉप्सला जुन्या चीजसारखा वास येऊ लागतो. हवाबंद पाकीट फ्रीजरमध्ये, हा त्यावरचा साधा उपाय.

२१/
दुसरी चूक गॅस बंद केल्यानंतर घडते. उकळी थांबली म्हणजे कडूपणा थांबला असे नाही. अर्क ८० अंशांच्या वर असेपर्यंत ती रासायनिक क्रिया मंदगतीने चालूच राहते. मोठ्या ब्रुअरीत अर्क यंत्राने झटपट थंड होतो. घरच्या मोठ्या पातेल्यातले २० लिटर तासभर गरमच राहतात. अखेरीस सुगंधासाठी टाकलेले हॉप्स त्या तासभरात कडूपणा देऊ लागतात, आणि हिशोबात नसलेले पाच-सात आकडे बिअरमध्ये शिरतात. म्हणून तांब्याच्या नळीतून थंड पाणी खेळवून अर्क लवकर निववावा, किंवा अखेरचे हॉप्स अर्क ८० अंशांखाली आल्यावर घालावेत.

२२/
तिसरी चूक आकडा बरोबर असूनही होते. दोन बिअर ३५ आयबीयूच्या असतात. एक सुखद लागते, दुसरी घसा ओरबाडते. दोष बहुधा पाण्यात असतो. बोअरवेलचे जड, कार्बोनेटयुक्त पाणी अर्काची आम्लता घटवते आणि माल्टच्या टरफलांतून व हॉप्सच्या पानांतून तुरट द्रव्ये ओढून काढते. कच्ची सुपारी चघळल्यावर तोंड जसे आवळते, तसा हा तुरटपणा. तो कडूपणा नव्हे, पण जीभ दोन्हींत गल्लत करते. अशा वेळी हॉप्स कमी करून उपयोग नसतो. गाळणयंत्राचे क्षारविरहित पाणी वापरून, त्यात थोडे कॅल्शियम क्लोराइड घालून, प्लझेनचे पाणी घरी घडवता येते.

२३/
तोलाची आणखी एक बाजू गोडव्याची. कडूपणा एकटा कधीच चाखला जात नाही. १.०४८ दाटीच्या लागरला ३५ मानवतात, तेच ३५ पातळ १.०३५ च्या बिअरला जड होतात. बोहेमियन परंपरेत माल्टच्या मिश्रणाचा काही भाग वेगळा काढून, उकळून पुन्हा मुख्य भांड्यात परतवतात. त्याने रस भरदार होतो. शिवाय तेथील यीस्ट थोडा गोडवा मागे सोडते. त्या मांडीवर कडूपणा विसावतो. गुढीपाडव्याला कडुनिंबाच्या पानांबरोबर गूळ ठेवणाऱ्या घराला हे शास्त्र समजावून सांगावे लागत नाही.

२४/
यानंतर उरते ती प्रतीक्षा. आंबवणीच्या फेसाबरोबर काही कडूपणा भांड्याच्या कडांना चिकटून निघून जातो, काही यीस्टबरोबर तळाशी बसतो. मग शून्याच्या जवळपासच्या थंडीत सहा-आठ आठवडे बिअर पडून राहते. या काळात तुरट द्रव्ये प्रथिनांशी बांधली जाऊन खाली बसतात आणि कडूपणाची धार बोथट होते. घाईने पहिल्याच पंधरवड्यात चाखून ‘फार कडू झाली’ म्हणून ओतून देणारा माणूस पुष्कळदा एक चांगली बिअर ओतत असतो. तयार बिअर उजेडापासूनही जपावी. ऊन लागले की हीच कडू द्रव्ये फुटून उग्र, कुबट वास सोडतात. तपकिरी बाटली त्यासाठीच असते.

२५/
पण थंडी सर्व चुका झाकत नाही. हिशोब दुपटीने चुकला असेल तर तीन महिनेही तो धुऊन काढत नाहीत. लागर करणाऱ्याची खरी कसोटी येथे आहे: चूक एका तासाच्या उकळीत होते आणि ती कळते अडीच-तीन महिन्यांनी. तेव्हा उपाय एकच बरा. पुढचा घाणा मुद्दाम कमी कडू करावा आणि दोन्ही मिसळावेत. आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवावी: हॉप्सची जात, पीक कोणत्या वर्षाचे, अल्फाचा आकडा, घालण्याची वेळ, थंड व्हायला लागलेला अवधी. स्मरणाला तीन महिन्यांपूर्वीची मिनिटे आठवत नाहीत.

२६/
घरच्या या प्रयोगांना कायद्याने सदैव मुभा होती असे नाही. ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्याने घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना लागू लागला. ती अट १९६३ मध्ये उठली. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये संपली, तरी घरच्या बिअरला केंद्रीय कायद्याची मोकळीक मिळाली ती १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना मद्यनिर्मिती हा आजही गुन्हा आहे. म्हणून येथील वाचकासाठी ही विद्या तूर्तास समजून घेण्याची, करून पाहण्याची नव्हे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी हौशींना मात्र तेथील नियमांत राहून ती आजमावता येते.

२७/
आणि ग्रॉल? त्याचा करार १८४५ मध्ये संपला आणि तो फिल्सहोफेनला परतला. ज्या बिअरने पुढे ‘पिल्सनर’ या नावाने जग व्यापले, तिच्या पहिल्या कर्त्याने ती प्लझेनमध्ये जेमतेम तीन वर्षे केली. १८८७ मध्ये त्याचे आपल्याच गावी निधन झाले. त्याच्यापाशी आयबीयू नव्हते. ते मोजण्याची प्रयोगशाळेतील पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यात आली. अल्फा आम्लांचा आकडा छापलेले पाकीटही नव्हते. हॉप्स तळहातावर चोळून घेतलेला वास, उकळीचे घड्याळ, आणि तळघरातील थंडीवरचा विश्वास, एवढीच त्याची साधने होती.

२८/
१८३८ मध्ये नगरवासीयांनी ओतलेली बिअर आणि १८४२ मध्ये त्यांना मिळालेली बिअर, दोन्हींत हॉप्स होते. पहिलीत कडूपणाला एकट्याने राखण करायला लावले होते. दुसरीत राखण थंडीने केली आणि कडूपणाला केवळ आपल्या जागी, आपल्या वेळी येऊ दिले. घरच्या पातेल्यासमोर घड्याळ लावून बसलेला माणूस साठ मिनिटांची पहिली मूठ टाकतो आणि दहा मिनिटांची शेवटची मूठ हातात धरून थांबतो. ते थांबणे प्लझेनने ३६ पिंपे गमावून शिकून घेतलेले आहे.